वस्तरा हातावरचे केस उडवतो, पण गालावर ओढतो. धार नेमकी कुठे चुकतेय?

अर्धी_दाढी

जर्मनीतल्या सोलिंगनचा जुना वस्तरा आहे. पातं ५/८ इंची, पूर्ण पोकळ घासणीचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोल घासून पातळ केलेलं. धारेला डोळ्यांना दिसेल असा खळगा नाही. पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्धच्या जाड कडेवर, गंजाचे दोन-तीन डाग आहेत, पण धारेपासून लांब. दगड किंग कंपनीचा १०००/६००० (एक बाजू १००० ची भरड, दुसरी ६००० ची बारीक), अडीच इंच रुंदीचा. टांगायचा चामड्याचा पट्टा तीन इंची, मागे कॅनव्हास.

केलं ते असं: दगड वीस मिनिटं पाण्यात बुडवला, १००० वर ५० फेऱ्या, ६००० वर ५० फेऱ्या, मग चामड्यावर ३०. हातावरचे केस उडतात. गालावर मात्र ओढतो, हनुवटीवर अडकतोच, आणि मुठीकडचा सेंटीमीटरभर भाग काहीच कापत नाही. नंतर मानेवर तासभर आग.

विचारायचं ते एवढंच: ६००० नंतरचा दगड घ्यावाच लागेल का? पाठीला टेप लावायची की नाही? आणि पट्ट्याला हिरवी पेस्ट फासली तर यातून सुटका होईल का?

घाईत

नाक्यावर सायकलवाला धारवाला येतो त्याच्याकडे द्या. दहा मिनिटांत मोकळे.

निसणा

वरचा सल्ला कात्रीला ठीक, वस्तऱ्याला नाही. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेजवळचं पोलाद क्षणात तापतं, कारण तिथे ते कागदापेक्षाही पातळ असतं. कार्बन पोलादावर निळी झाक आली म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. वस्तऱ्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला टणकपणा, त्याच्या बरंच आधी उतरलेलं असतं. त्या जागेला पुन्हा धार चढते, पण दुसऱ्या दाढीला टिकत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्यात. ओढणं म्हणजे धार झालेलीच नाही. आग होणं म्हणजे एक तर धार खरखरीत आहे, नाही तर हात जड पडतोय किंवा कोन उभा आहे. पुढचा दगड पहिल्या तक्रारीवर काहीही करणार नाही. मुठीकडचा भाग अजिबात कापत नाही याचा अर्थ १००० वरच काम अर्धवट राहिलंय. धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार अजून एका रेषेत मिळालेलेच नाहीत. ते मिळाले नसतील तर १२००० चा दगड न मिळालेल्या धारेलाच चकाकी आणतो.

"५० फेऱ्या" हा आकडा विसरा. फेऱ्या मोजून धार होत नाही, तपासून होते. तपासायची पद्धत अशी: पर्मनंट मार्करने दोन्ही उतारांवर, अगदी धारेच्या काठापर्यंत, काळी रेघ ओढा. वाळू द्या. १००० वर अगदी हलक्या हाताने पाच फेऱ्या करा आणि दिव्याखाली पाहा. जिथे शाई काठापर्यंत गेली तिथे दगड धारेला लागतोय. जिथे काठावर केसाएवढी काळी कड उरली तिथे दगड फक्त उताराच्या वरच्या भागाला घासतोय, धारेला पोचत नाही. दोन्ही बाजूंचा निकाल इथे लिहा.

त्याआधी दगड सपाट आहे का ते बघा. किंग मऊ असतो, मधून लवकर खोल होतो. पेन्सिलने चौकटी आखा, जाड काचेवर २२० चा काळा वॉटर पेपर ठेवा, पाणी सोडा आणि सगळ्या चौकटी जाईपर्यंत दगड घासा. कडप्प्याच्या फळीवर हे करू नका. हाताला गुळगुळीत लागते म्हणून ती सपाट असते असं नाही. दगडाच्या चारही कडा ४५ अंशात दोन मिलिमीटरभर मारून घ्या, नाही तर त्याच कडा धारेला खळगे पाडतील.

आणि सगळा दगड वीस मिनिटं बुडवून ठेवायची गरज नाही. १००० च्या बाजूला बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटं पुरतात. ६००० च्या बाजूवर वरून पाणी शिंपडलं की झालं.

पट्टेवाला

टेपचं उत्तर मोजमापात आहे, मतात नाही. वस्तऱ्यात कोन धरायचा नसतो, तो पाठीच्या जाडीतच घडवलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकली की कोन आपोआप ठरतो. व्हर्निअर कॅलिपरने पाठीची सर्वांत जास्त जाडी आणि पाठ दगडाला टेकते तिथपासून धारेपर्यंतची रुंदी मोजा. जाडीला रुंदीने भागा आणि ५७.३ ने गुणा. जो आकडा येईल तो अंशात धारेचा एकूण कोन. १६ ते १७ च्या आसपास आला तर टेपची गरज नाही. १५ च्या खाली उतरला तर पाठ झिजलेली आहे आणि इतक्या बारीक कोनाची धार दाढीतच तुटत राहील, तेव्हा टेप लावाच.

साध्या इन्सुलेशन टेपचा एक थर सुमारे ०.१३ मिमी. दोन्ही बाजू धरून ०.२६. ५/८ च्या पात्यावर कोन जवळजवळ एक अंशाने वाढतो. एकदा टेपवर धार काढली की पुढची प्रत्येक वेळ टेपवरच. मधेच काढली तर दगड धारेला न लागता मागेच घासत बसेल, आणि तुम्ही फेऱ्या मारत राहाल. शिवाय टेप प्रत्येक दगडाला नवी. १००० वर घासून पातळ झालेली टेप ६००० वर तशीच ठेवली की कोन पुन्हा बदलला.

पाठीवर सोन्याची नक्षी असेल तर ती वाचवायला टेप लावतात, तो भाग वेगळा.

अर्धी_दाढी

मोजलं. पाठ ४.६ मिमी, रुंदी १५.५ मिमी. म्हणजे १७ अंश. टेप नको असं दिसतंय.

दगड मधून खरंच खोल होता. मधल्या चौकटी सर्वांत शेवटी गेल्या. सपाट करून मार्करची चाचणी केली. वस्तऱ्याचं नाव कोरलेल्या बाजूला शाई सगळीकडे गेली. दुसऱ्या बाजूला मुठीकडे नऊ-दहा मिलिमीटर काळी कड तशीच आहे, आणि नाकाकडे, म्हणजे पात्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन-तीन मिलिमीटर. बोटाने टाचेवर (मुठीकडच्या टोकावर) थोडा दाब दिला तर जाते. तसंच दाबून करू का?

निसणा

दाबू नका. दाबून शाई जाते कारण पातं वाकतं. सोडल्यावर धार परत जागेवर जाते आणि कापत नाही. वर तिथली पाठ जास्त झिजते. अशाच दाबाने जुन्या वस्तऱ्यांच्या टाचेला आकड्यासारखं टोक आलेलं असतं आणि मग तेच टोक गालाला लागतं.

तुमच्या पात्याला बारीक बाक आहे. एका बाजूने दोन्ही टोकं दगडापासून किंचित उचललेली राहतात. जुन्या वस्तऱ्यात हे नेहमीचंच, दोष धरू नका. त्यात टाचेपाशी जो जाड खांदा असतो तो दगडावर चढत असेल तर टाच आणखी उचलली जाते. बारकाईने बघा: खांद्यावर घासल्याची ताजी चकाकी दिसते का? दिसली तर तेच कारण.

यावर उपाय हाताच्या चालीत आहे. वस्तरा दगडावर सरळ आडवा न ठेवता टाच पुढे काढा, ३० ते ४५ अंश तिरका. असं धरलं की खांदा दगडाच्या कडेबाहेर राहतो आणि धारेची टाच मात्र दगडावर येते. सुरुवातीला खांदा दगडाच्या काठापासून तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवा. आता धार पुढे करून ढकला आणि जाता जाता वस्तरा मुठीच्या दिशेने ओढत न्या, म्हणजे सुरुवातीला टाच दगडावर आणि शेवटी नाक दगडावर. दगड अडीच इंची असल्यामुळे पातं एका वेळी पूर्ण मावत नाहीच, ही तिरकी चाल तुम्हाला तशीही लागणार. बाक असलेल्या बाजूला शेवटच्या इंचात मनगट केसभर उचला, म्हणजे भार टाचेकडून नाकाकडे सरकत जाईल. उचलायचं म्हणजे पाठ दगडावरून सुटता कामा नये, फक्त वजन सरकवायचं.

परत फिरवताना पाठीवरून उलटा. धारेवरून कधीच नाही.

पकड चिमटीची, दांडीला अंगठा आणि तर्जनी, बस. १००० वर बोटाचं नुसतं वजन पात्यावर चालेल, तेही सुरुवातीला. दर वीस फेऱ्यांनी मार्कर आणि मग पुढची परीक्षा: ओल्या काचेच्या पेल्याच्या गुळगुळीत कडेवरून धार एकदाच, स्वतःच्या वजनाने, टाचेपासून नाकापर्यंत ओढा. धार मुद्दाम बोथट होते. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरली तर एक पांढरी बारीक तार चकाकताना दिसेल. धारदार काठावरून उजेड परत येत नाही, बोथट काठावरूनच येतो. आता १००० वर हलक्या फेऱ्या करत जा. तार आधी मधून तुटेल, मग नाकाकडे, आणि सर्वांत शेवटी तुमच्या त्या नऊ मिलिमीटरमध्ये. शेवटचा ठिपका गेला की धार मिळाली. तीस फेऱ्यांत होईल किंवा दीडशेत. ठिपका आहे तोवर ६००० ला हात लावायचा नाही.

हातावरच्या केसांची परीक्षाही याच टप्प्याला करा, पण नीट. केस कातडीलगत उडतात का, आणि टाच, मध्य, नाक तिन्ही ठिकाणी सारखेच उडतात का ते बघा. तुम्ही बहुधा फक्त मधल्या भागाने पाहिलं असणार.

काचेवरचा

६००० पुढचं मी लिहितो.

१००० वरून थेट ६००० ही उडी मोठी आहे. १००० चे ओरखडे खोल असतात आणि ६००० ला ते पुसायला वेळ लागतो. मध्ये ३००० असेल तर चांगलं, नसेल तर ६००० वर ८०-१०० फेऱ्या धरा. घड्याळजीच्या ३० पट भिंगाखाली उतारावरचे १००० चे तिरके ओरखडे एकही उरता कामा नयेत, विशेषतः धारेला टेकणारे. तोच एक खोल ओरखडा धारेच्या काठावर दाता होऊन बाहेर येतो, आणि मानेवरची आग तिथून सुरू होते.

६००० ची धार दाढी करते, पण आरामाची नाही. आराम ८००० नंतर सुरू होतो आणि १२००० ला पूर्ण येतो. बेल्जियमचा पिवळा कोटिक्यूल, जर्मनीतल्या थुरिंगियाचा दगड, क्योटोच्या डोंगरातले जपानी दगड, हे सगळे शेवटच्या हाताचेच. सुरेख आहेत आणि महाग आहेत. पहिल्या वस्तऱ्यासाठी यातलं काही लागत नाही.

त्याऐवजी लॅपिंग फिल्म (बारीक घासकण लावलेली पातळ प्लास्टिकची फिल्म) घ्या, ३ मायक्रॉन आणि १ मायक्रॉन, मागे गोंद नसलेली. ८ ते १० मिमी जाड काचेचा तुकडा, कडा घासलेला. काचेवर पाणी शिंपडा, फिल्म ठेवा, जुन्या एटीएम कार्डाने मधून बाहेरच्या बाजूला पाणी आणि हवा काढा. फिल्म स्वतःच चिकटून बसते. हवेचा एक बुडबुडा किंवा धुळीचा एक कण खाली राहिला तर वर टेकडी तयार होते आणि त्या टेकडीवर धार तुटते. म्हणून तळहात फिरवून आधी तपासा. ३ मायक्रॉनवर २५ फेऱ्या, १ मायक्रॉनवर २५. वर थोडं पाणी. वजन वस्तऱ्याचं, तुमचं शून्य. फिल्मवर दाब दिला तर धारेपुढे फिल्म किंचित फुगते आणि धार तिला कापते. एकदा चीर पडली की तो भाग कापून टाका, त्यावरून पुन्हा नेऊ नका.

एक सूचना: शेवटच्या टप्प्यावर "आणखी पन्नास मारू, बिघडतंय काय" असं करू नका. बिघडतं. जास्त घासलं की काठावर कागदाहून पातळ पापुद्रा सुटतो. असा वस्तरा पहिल्या गालाला लोण्यासारखा जातो आणि दुसऱ्या गालापर्यंत पापुद्रा मोडून करवत होते. तसं झालं तर पेल्याची कड एकदा अगदी हलकी आणि पुन्हा ६००० पासून.

घाईत

एवढं करण्यापेक्षा अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा घ्या की. सलूनमध्ये तोच असतो.

काचेवरचा

सलूनमध्ये तो असतो कारण दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड घालता येतं, आणि तिथे तेच बरोबर आहे. इथे प्रश्न धारेचा आहे.

पट्टेवाला

हिरव्या पेस्टबद्दल. क्रोमियम ऑक्साइड ०.५ मायक्रॉनचं, शुद्ध मिळालं तर चांगली वस्तू. पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी हिरवी पॉलिशची वडी म्हणजे तेच असं समजू नका. तिच्यात बऱ्याचदा जाडसर ॲल्युमिनाही मिसळलेला असतो, स्टीलची भांडी चमकवायला ठीक.

रोजच्या टांगत्या पट्ट्याला तर कुठलीच पेस्ट लावू नका. चामडं मऊ, धारेखाली दबतं आणि धारेमागे उसळतं. पेस्ट असेल तर त्या उसळीत धारेचा काठ गोल होत जातो. पहिले दोन-तीन आठवडे छान वाटतं, मग ओढायला लागतो आणि पुन्हा दगडावर आणल्यावर कळतं की दगड काठाला लागतच नाही. पेस्ट लावायचीच तर सपाट बाल्सा लाकडाच्या पट्टीवर, बोटाने पुसल्यासारखी पातळ, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दहा फेऱ्या. तुम्हाला आत्ता तिची गरज नाही.

आता पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. दाढीच्या आधी कॅनव्हासवर २०-२५, चामड्यावर ५०-६०. पट्टा इतका ताणा की वस्तरा ठेवल्यावर खाली झोळ पडणार नाही. झोळ पडला की तेच पेस्टसारखं होतं, काठ गोल. फेरी संपताना वस्तरा आधी थांबवा, मग पाठीवर उलटा, मग निघा. नवशिक्याच्या पट्ट्यावरचे काप सगळे याच वळणावर पडलेले असतात, कारण धार उलटायच्या आत हात निघालेला असतो. वेगाला काही महत्त्व नाही. सावकाश करा, आवाज ऐका. धार नीट असेल तर चामड्यावर एकसारखा ओढल्याचा आवाज येतो. मध्येच चर्र झालं तर तिथे दाता आहे, थांबून भिंगाखाली बघा. उथळ काप पडला असेल तर ६०० च्या वॉटर पेपरने कोरडाच घासून सपाट करा. चामड्याला तेल पाजू नका, रोज तळहाताने चोळलं की पुरतं.

अर्धी_दाढी

तार गेली. टाचेकडचा ठिपका खरंच सर्वांत शेवटी गेला, १००० वर एकूण १३० फेऱ्या लागल्या. ६००० वर १००, फिल्म ३ आणि १, मग पट्टा. गाल स्वच्छ, ओढत नाही. हनुवटीवर अजून दोन ठिकाणी अडकतो आणि मानेवर थोडी आग आहेच. परत दगडावर जाऊ?

निसणा

नको. गाल स्वच्छ निघतोय म्हणजे धार आहे. हनुवटीचे केस जाड आणि दाट, तिथे आधी भिजवण्याचं बघा. गरम पाण्याने तोंड धुऊन फेस लावल्यावर निदान दोन-तीन मिनिटं थांबा, सुकायला लागला तर वरून ओला ब्रश. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचा तुकडा उडवू शकतो. मोकळा केस धारेसमोर वाकतो, धारेला तिरका भिडतो, आणि पोलादात जिथे बारीक विषमता असते तिथून कपची निघते. केस पुरता भिजला की मऊ होऊन सहज कापला जातो, आणि कातडी ताणलेली असली की त्याला वाकायला जागा कमी मिळते. भिजवण्यात धार वाचते ती अशी.

कोन बघा. वस्तरा कातडीशी ३० अंशांच्या आत. पाठ कातडीपासून साधारण दीड-दोन पाठीच्या जाडीइतकी दूर. हनुवटीवर लोक नकळत वस्तरा उभा करतात, कारण वळण येतं आणि मनगट वळत नाही. उभा केला की कापत नाही, खरवडतो. मान खाली नाही, वर आणि बाजूला, मोकळ्या हाताने कातडी खालून ओढून. मानेवरचे केस बहुतेकांचे आडवे किंवा वर वाढतात, कोरड्या बोटांनी दिशा आधी चाचपा. पहिल्या पंधरा दिवसांत उलट्या केसाने जाऊच नका.

काचेवरचा

मानेवरची आग आठ-दहा दाढ्यांनंतरही राहिली तर १ मायक्रॉनवर दहाच फेऱ्या, पूर्ण हलक्या. आत्ता नाही. आत्ता दगड आणि हात दोन्ही बदललेत. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

अर्धी_दाढी

कळलं. एक शेवटचं, घर रत्नागिरीला आहे. पावसाळ्यात काय करायचं?

पट्टेवाला

मग गंज हीच खरी अडचण, धार नाही. कार्बन पोलादाला धारेच्या काठावर गंज चढायला एक दमट रात्र पुरते. डोळ्यांना दिसत नाही, पण सकाळी ओढतो. दाढी झाल्यावर धुवा, टिश्यूने पाठीकडून धारेकडे पुसा. मुठीच्या दोन फळ्यांमधलं पाणी विसरू नका, तिथे कापडाची चिंधी ओढून घ्या. तास-दोन तास उघडा ठेवा, मग कोरड्या कॅनव्हासवर पाच-सहा फेऱ्या. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन दोन्ही बाजूंना पुसटसा हात. खोबरेल वापरू नका. थंडीत थिजतं आणि दिवसांनी चिकट होतं.

ठेवायचा न्हाणीघरात नाही. चामड्याच्या म्यानातही नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही, चामडं ओल धरून बसतं. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. पुडीतले दाणे रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी सुकवायचे ते कळेल. दाढीआधी तेल पुसून घ्यायला विसरू नका, नाही तर ते तेल पट्ट्यात जाईल.